ठसका

१

उन्हाळ्याच्या सुटीत शिवशंकरचा दिवस मागच्या खोलीतून सुरू व्हायचा. चूळ भरायच्याही आधी तो अनवाणी तिकडं जायचा, दार लोटून घ्यायचा आणि तिथल्या जांभळ्या उजेडात काही वेळ नुसता उभा राहायचा.

खोली पूर्वी ज्वारीच्या पोत्यांची. खिडकी नाही, झरोका नाही. येडशीच्या स्टेशनाकडं पाठ करून उभं असलेलं हे स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा धान्य कुठं ठेवायचं म्हणून ती काढली होती. पुढं शेत बटईनं दिलं आणि पोती यायची थांबली. मग शिवशंकरनं एक निळा ड्रम उभा चिरला, त्याचा अर्धा भाग पाळण्यासारखा आडवा मांडला, त्यावर थर्माकोलचं जाड झाकण बसवलं. झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत मिरचीची झाडं. माती कुठंच नाही. मुळं खाली पाण्यात लोंबायची आणि खत त्या पाण्यातच विरघळवलेलं असायचं. वर झाडं वाढवायचे जांभळे दिवे होते. कोपऱ्यात माशांच्या टाकीला लावतात तसला लहानसा पंप होता, तो नळीतून पाण्यात हवा सोडायचा आणि ड्रममध्ये रात्रंदिवस बुडबुडे उठत राहायचे.

धाराशिवच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. काचेची भांडी धुण्यात आणि द्रावणं करण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळं हात स्थिर. बाकीचं तो मोबाइलवर बघून बघून शिकला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात आपण वीतभर पाण्यात मिरची पिकवतो, याचं त्याला मनातून कौतुक होतं.

रोजचं काम ठरलेलं. पाण्याचा आंबटपणा बघायचा, खत किती उरलं ते बघायचं, मग रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन फुलाफुलांवरून फिरवायचा. बंद खोलीत मधमाशी कुठली, ते काम त्याचंच. शेवटी पाण्यात तापमापक बुडवायचा.

त्या दिवशी तापमापक बाहेर काढून त्यानं दिव्याखाली धरला, झटकला, पुसला आणि पुन्हा बुडवला. पारा तिथंच गेला.

वैशाख आहे, त्यानं मनाशी म्हटलं. पण पायाखालची फरशी गार होती, भिंत गार होती. स्वयंपाकघरातल्या माठाला तर हात लावला की शहारा येत होता. आणि एवढ्या उष्ण पाण्यात मुळं चार दिवसांत सडायला हवीत, झाडं माना टाकायला हवीत. इथं पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, आणि प्रत्येक काखेत फूल.

सवयीनं त्यानं सेल्सियसचं फॅरनहाइट केलं. एकशे तीन.

हा आकडा त्यानं यंदा बऱ्याचदा वाचला होता. कुठं वाचला, ते आठवायला वेळ लागला नाही. त्यानं तापमापक डबीत ठेवला आणि चूळ भरायला निघून गेला.

२

पौषात समू तापली होती. समू म्हणजे समृद्धी, त्याची एकुलती एक मुलगी, चौथीतली. सोलापूरला दाखवलं, रक्त तपासलं, सलाईन लावलं. ताप औषधापुरता खाली यायचा आणि परत एकशे तीनवर जाऊन बसायचा. ती झोपेत श्वास घ्यायची तो ऐकवत नसे. दोन आखूड, एक लांब, आणि लांब श्वासाच्या शेवटी घशात बारीकशी अडखळ. शिवशंकर उशाशी बसून असायचा. त्याची करंगळी तिनं मुठीत गच्च धरलेली असायची. मूठ इतकी भाजायची की त्याच्या करंगळीला घाम फुटायचा, पण ती काढून घ्यायचं त्याच्या जिवावर यायचं.

मुरुमहून इरम्मा मावशी आली. शिवशंकरच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून या घराचं वडीलपण तिच्याकडं होतं. पायातली चप्पल काढता काढता तिनं पोरीकडं पाहिलं.

“डागदराचं चालू द्या,” ती म्हणाली, “पण हिची दृष्ट काढली का न्हाय कुणी?”

“मला नीट येत नाही, मावशी,” भुवनेश्वरी म्हणाली. शिवशंकरची बायको, तेव्हा तिचे डोळे जागरणानं सुजलेले होते.

“येत न्हाय म्हणून बघत बसलीस व्हय? मीठ आण, मोहऱ्या आण. मिरच्या माझ्या पिशवीत हायत.”

मिरच्या तिच्या स्वतःच्या बांधावरच्या. बोटाच्या पेराएवढ्या, टोकाशी वाकड्या, वाळून काळपट लाल झालेल्या. मूठ भरून तिनं त्या समूवरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवल्या, आल्यागेल्याचं, बघणाऱ्याचं, बोलणाऱ्याचं नाव घेत. घरात चूल नव्हती आणि गॅसवर जाळायला ती तयार नव्हती. “ज्याच्यावर भाकरी करता त्याच्यावर ही घाण जाळायची न्हाय.” मग सगळं एका वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं शिवशंकरच्या हातात दिलं. “तिकटीवर जा. समदं जाळ, कायबी मागं ठिवू नको. येताना वळून बघायचं न्हाय आन् पाय धुऊन आत यायचं.”

रेल्वे फाटकाच्या पलीकडं तीन रस्ते मिळतात तिथं तो गेला. कागद पेटवला. मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या. मिरच्या मात्र त्यानं आधीच काढून घेतल्या होत्या, त्या तळहातावर तशाच होत्या.

अशा मिरचीचं बी त्याला कधीपासून हवं होतं. पाकिटातलं बी त्यानं दोनदा लावून पाहिलं होतं. झाडं यायची, तिखटपणा यायचा नाही. मावशी तर बी कुणालाच देत नसे, सख्ख्या सुनेलाही नाही. बी घराबाहेर गेलं की बरकत जाते, असं तिचं म्हणणं. शिवशंकरनं एकेक मिरची मोडली, बी रुमालात झाडलं आणि टरफलं आगीत टाकली. जाळायचं ते जाळलंच की, त्यानं स्वतःला सांगितलं. बी म्हणजे काही मिरची नव्हे.

टरफलं जळाली, काळी झाली. त्याला खोकला आला नाही, नाकाला झणकाही बसला नाही. वारा असेल, असं त्याला वाटलं. वारा नव्हता.

“जळल्या?” मावशीनं दारातच विचारलं.

“जळल्या.”

“ठसका उठला?”

“नाही उठला.”

“मग लई मोठी लागली हुती,” ती म्हणाली. दृष्ट लागलेली असली की मिरची कितीही जळो, तिचा ठसका उठत नाही, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. शिवशंकरलाही.

त्याच संध्याकाळी ताप गेला. ताप उतरताना माणसाला घाम फुटतो, तसा तिला फुटला नाही. कुणी उचलून न्यावा तसा गेला. समूनं डोळे उघडले, बापाची करंगळी सोडली आणि म्हणाली, “भूक लागली.”

बी त्यानं ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. एकूण एक दाणा उगवला.

३

पहिला तोडा आला तेव्हा भुवनेश्वरीनं ठेचा केला. शेंगदाणे, लसूण, मीठ आणि त्या मिरच्या. शिवशंकरनं भाकरीच्या घासाला नुसता लावून खाल्ला आणि त्याच्या कानातून वाफा निघाल्या.

“पाणी... पाणी द्या मला!” तो हसत, रडत, ताटावरून उठला.

“अजून लावा दिवे त्या खोलीत,” भुवनेश्वरी म्हणाली. तिच्याही नाकाला धार लागली होती. “गॅस कशाला भरून आणायचा, ह्याच्यावरच भाकरी भाजू.”

दोघं हसत होती. मग भुवनेश्वरी हसायची थांबली.

समू जेवत होती. ठेच्याचा अख्खा गोळा तिनं भाकरीवर घेतला होता आणि पेरू खावा तशी ती शांतपणे खात होती. डोळ्यांत पाणी नाही. नाक लाल नाही. संपल्यावर तिनं बोट चाटलं आणि वाटी पुढं केली.

“समू, तिखट नाही लागलं?” भुवनेश्वरीनं विचारलं.

“लागलं की,” ती म्हणाली आणि आईच्या तोंडाकडं नीट पाहिलं, जणू पुढं काय करायचं असतं ते तिथं लिहिलेलं असावं. मग तिनं हाताचा पंखा करून तोंडापुढं हलवला. “हाय हाय. लई तिखट.”

भांडी घासताना भुवनेश्वरी हळू आवाजात म्हणाली, “अहो, वरणात मिरचीचा तुकडा आला तरी ताट सारायची ही.”

“चव बदलते आजारपणानं.”

“बदलती का हो एवढी?”

“बदलते. डॉक्टर म्हणाले होते.” डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

तिनं कढई उचलून घासायला घेतली. “पोरगी आजारातनं उठली, देवाची कृपाच म्हणायची. शाळेत पहिली आली, कशाला हट्ट न्हाय, कशाला रडणं न्हाय. परवा दारात बोट चेंगरलं तर हूं का चूं न्हाय.” तिनं तांब्या पालथा घातला. “अन् वेणी घालताना बघते मी. संक्रांतीला जेवढी होती तेवढीच हाय. रिबीन तिथंच बसती. तेलसुद्धा मुरत न्हाय केसात.”

“उन्हाळ्यात केस वाढत नाहीत,” तो म्हणाला.

भुवनेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं. उन्हाळ्यात केस जास्तच वाढतात, हे तिलाही माहीत होतं.

४

त्यानं सगळं पाणी बदललं. नळ येऊन गेला होता, टाकी भरलेली होती. ड्रम रिकामा करून, मुळं झाकणासकट दोन बादल्यांवर अलगद टेकवून ठेवून, त्यानं ताजं पाणी भरलं आणि वरून बर्फाच्या दोन पिशव्या सोडल्या. मुळांकडं पाहायचं त्याच्या मनात होतं, पण खोलीत जांभळा उजेड, त्यात ते पांढरं गचपण नीट दिसेना. पाठीमागच्या बाजूला काहीतरी जाड, लांब, एकत्र ओढल्यासारखं लोंबत होतं. मुळं गुंतली असतील. त्यानं झाकण बसवलं.

दुपारच्या चहाला पाणी कोमट होतं. संध्याकाळी पारा जुन्या जागी.

दिव्यांची उष्णता असेल. त्यानं दिवे वर टांगले. पंप तापत असेल. त्यानं पंप उचलून खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये ठेवला आणि लांब नळी आत घेतली. पाणी तसंच.

पंप बाहेर ठेवल्यामुळं एक गोष्ट झाली. खोलीतली घरघर गेली आणि नुसते बुडबुडे ऐकू येऊ लागले.

तो स्टुलावर बसून ब्रश फिरवत होता. बाहेर दुपार करपत होती, रामलिंगाच्या डोंगराकडून एखादा मोर ओरडत होता, तोही दमल्यासारखा. बुडबुडे उठत होते, फुटत होते. आधी त्याच्या लक्षात आलं नाही. मग ब्रश धरलेला हात जागीच थांबला.

दोन आखूड. एक लांब. आणि लांबाच्या शेवटी बारीक अडखळ.

पंपातलं रबर झिजलं की हवा टप्प्याटप्प्यानं येते. हे त्याला माहीत होतं, कॉलेजातल्या पंपाचं तसंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो धाराशिवला जाऊन नवा पंप घेऊन आला. नव्या पंपाची हवा अखंड येत होती. त्यानं नळीचं टोक बादलीत धरून पाहिलं, बुडबुड्यांची सरळ माळ उठली. टोक ड्रममध्ये सोडलं.

दोन आखूड. एक लांब.

तो तिथं किती वेळ बसला, कोण जाणे. उठताना त्याला कळलं की आपला उजवा हात झाकणावर ठेवलेला आहे. कपाळावर ठेवावा तसा.

५

त्यानं ठरवलं की एक दुपार पंप बंद ठेवायचा. एवढ्यानं झाडं मरत नाहीत. संशय तरी फिटेल.

भुवनेश्वरी शेजारी पापड लाटायला गेली होती. समू पुढच्या खोलीत पालथी पडून चित्रं रंगवत होती. शिवशंकरनं पॅसेजमधला खटका बंद केला, पिन उपसली आणि आत जाऊन स्टुलावर बसला.

बुडबुडे थांबले. खोली इतकी गप्प झाली की दिव्यांची गुणगुण ऐकू येऊ लागली. त्याला हायसं वाटलं, स्वतःचं थोडं हसूही आलं.

मग झाकणाखाली पाणी हललं.

आवाज मोठा नव्हता. दोन आखूड. बराच वेळ काही नाही. मग लांब, पण तो पुरा झाला नाही, मध्येच तुटला. पुन्हा दोन, जवळजवळ, घाईनं. झाडांची पानं हलत नव्हती. फक्त देठ, झाकणातून वर येतात तिथं, पेल्यांच्या कडांवर बारीक घासत होते. आणखी एक आखूड. नंतरचा आलाच नाही.

शिवशंकर स्टुलावरून उठला. ही भीती नवी नव्हती. पौषात, उशाशी बसून, पुढचा श्वास यायला उशीर झाला की ती अशीच यायची. तो पॅसेजमध्ये धावला. पिन खाचेत बसेना. बसली. खटका पाडला.

आत बुडबुडे उसळले. मग हळूहळू संथ झाले. दोन आखूड, एक लांब.

तो भिंतीला टेकला, तेव्हा पॅसेजच्या तोंडाशी समू उभी होती. हातात रंगाचा खडू.

“बंद राहू द्या की, पप्पा,” ती म्हणाली. “लई आवाज येतो.”

“कसला आवाज, बेटा?”

समू हसली. चांगलं, नीट हसली, शाळेच्या फोटोत हसते तसं.

“तुम्हाला येतो तोच.”

त्या दिवसापासून लाइट जाण्याची त्याला धास्ती बसली. त्यानं घरचा इन्व्हर्टर मागच्या खोलीला जोडला. पुढच्या खोलीत सगळे घामानं भिजत बसले. समू सोडून.

६

वैशाख सरता सरता इरम्मा मावशी कुरडयांचा डबा घेऊन आली. समूला सुटीसाठी मुरुमला न्यायचं तिच्या मनात होतं. समूनं पाया पडून आशीर्वाद घेतला. मावशीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि तो हात पदराला पुसला. का पुसला, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

“पोरगी गार हाय गं लई,” ती भुवनेश्वरीला म्हणाली. “माठासारखी.”

“बरंच हाय की मावशी, उन्हाळ्यात.”

चहा झाल्यावर मावशीला मिरच्या बघायच्या होत्या. “पाण्यात मिरची! तुझ्या बापानं तुला शेतात कामाला लावलं असतं तर ही येळ आली नसती, शिवा.” चेष्टा करत ती मागच्या खोलीच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच थबकली. मग वाकून तिनं एका पिकलेल्या मिरचीला हात लावला. वाकडं टोक बोटानं चाचपलं.

“बी कुठनं आणलं?”

“बाजारातनं.”

“माझ्या बांधाचं बी बाजारात कवापसनं मिळायलंय?”

भुवनेश्वरी मागून हसली. “मावशी, चोरी केली म्हणा यांनी तुमच्याकडची!”

“चोरी केली असती तर बरं झालं असतं.” मावशीचा आवाज बदलला होता. ती शिवशंकरकडं पाहत होती. “म्या बी दिलं न्हाय. चोरायला तू मुरुमाला आलास न्हाय. ह्या घरात माझ्या मिरच्या येकदाच आल्या. खरं सांग, शिवा. समद्या जाळल्यास?”

त्याची नजर झाकणाकडं गेली. ड्रममध्ये पाणी वाजत होतं. मावशीनं मान कलती करून ते ऐकलं, एकदा, परत एकदा. पौषात तीही त्या उशाशी बसली होती.

तिनं पदर तोंडाला लावला.

“शिकलेला माणूस तू,” ती पदराआडून म्हणाली. “पोरीवरनं जे काढलं ते पाणी घालून वाढवलंस?”

भुवनेश्वरीनं दोघांकडं पाहिलं. तिला सगळं समजलं नव्हतं, पण ती आत गेली आणि पीठ मळायला बसली. घाबरली की ती पीठ मळायला बसायची.

“दिवेलागणीच्या आत समदं जाळायचं,” मावशी म्हणाली. “आदी मिरच्या, मग झाडं. म्या हाय इथं.”

“आणि समूला परत ताप आला तर?”

“आला तर आला. डागदर हायत, देव हाय. पर हे घरात नको.”

७

परसात त्यानं घमेल्यात गोवऱ्या रचल्या. ऊन उतरलं होतं, भिंती मात्र अजून उष्णता टाकत होत्या. मावशी न्हाणीच्या पायरीवर बसली. समू काड्यापेटी घेऊन आपणहून आली होती.

“मी पेटवू?”

“पेटव,” मावशी म्हणाली.

गोवऱ्या धरल्या. शिवशंकरनं टोपलीतल्या मिरच्या त्यावर ओतल्या. पिकलेल्या, हिरव्या, सगळ्या. एवढ्या मिरच्या एका वेळी जळाल्या तर गल्लीतली माणसं घरं सोडून बाहेर येतील. तो मागं सरला, उपरणं नाकावर धरलं.

मिरच्या आक्रसल्या. साली फुटल्या, काळ्या पडल्या. पांढरा धूर सरळ वर चढला, मग वाकला आणि तिघांच्या तोंडावरून गेला. कुणी खोकलं नाही. वास नुसत्या राखेसारखा, तोही अगदी पुसट. मावशीनं जोरानं श्वास ओढून पाहिला आणि मान हलवली. शिवशंकरनं उपरणं खाली घेतलं.

धूर परसाच्या दारातून घरात शिरला.

आणि घरात कुणीतरी खोकलं.

लहान मुलाचा खोकला. कोरडा, घुसमटलेला, ठसका लागल्यावर येतो तसा. एकदा आला, मग लागोपाठ येतच राहिला. मागच्या खोलीतून येत होता.

स्वयंपाकघरातून भुवनेश्वरीचा आवाज आला. तिनं वर पाहिलं नसणार, हात पिठात असणार. आई जशी बोलते तशी ती बोलली, अंगवळणी पडलेलं, विचार न करता. “समू, पाणी पी गं! माठातलं घे. वर बघ जरा.”

शिवशंकरनं शेजारी पाहिलं. समू त्याच्या अगदी जवळ उभी होती. धूर तिच्या उघड्या डोळ्यांवरून वाहत होता आणि ती पापणी हलवत नव्हती. तिनं दुसरी काडी पेटवली होती. काडी जळत जळत तिच्या बोटांपर्यंत आली, नखाला लागली. ती काडीकडं बघत राहिली.

“पप्पा,” ती म्हणाली, “आता झाडं.”

तो पायरीकडं वळला. मावशी उभी राहिली होती, भिंतीला धरून. तिचे ओठ हलत होते, पण ‘जाळ’ असं ती आता म्हणत नव्हती.

तो आत गेला. पॅसेजमध्ये धूर साचला होता. खोलीचं दार त्यानं उघडलं. जांभळ्या उजेडात झाडं निश्चल उभी होती आणि झाकणाखाली खोकला चालू होता, पाण्यातून येतो तसा, जड. त्यानं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि एका बाजूनं उचललं.

मुळं पांढरी होती, दाट, लांब. मागच्या बाजूनं ती ओढून घेतलेली होती. तीन पेड, एकावर एक, खालपर्यंत सारखे, घट्ट. भुवनेश्वरी घालते तसे. संक्रांतीपासून वाढत राहिले असते तर समूचे केस जेवढे झाले असते, तेवढे लांब. त्याखालचं पाणी काळं होतं आणि त्यात काहीतरी कुशीवर वळलं.

तेवढंच त्यानं पाहिलं. मग त्यानं डोळे मिटले, कारण पुढचं पाहायची त्याची तयारी नव्हती. डोळे मिटूनच तो गुडघ्यांवर बसला. झाकण खांद्यावर तोलून धरलं आणि उजवा हात पाण्यात घातला.

पाणी भाजत होतं. काही वेळ हाताला फक्त मुळं लागली, बारीक, मऊ, चाचपडणारी. मग त्याच्या करंगळीभोवती एक मूठ वळली. गच्च, ओळखीची. सोडायची नाही अशी.

खोकला हळूहळू निवला. दोन आखूड, एक लांब.

परसातून हाक आली. स्वच्छ, गोड, कसलीही घाई नसलेली.

“पप्पा, झाडं आणायलाव ना? जाळ विझायलाय.”

स्वयंपाकघरातलं पीठ मळणं थांबलं होतं. भुवनेश्वरी पॅसेजच्या तोंडाशी येऊन उभी राहिली असावी, तिच्या बांगड्या वाजल्या. तिनं एकदा परसाच्या बाजूला पाहिलं असेल, एकदा या दाराकडं.

“अहो,” ती म्हणाली, “समू कुठंय?”

पाण्यात त्याच्या करंगळीला घाम फुटला होता. त्यानं हात बाहेर काढला नाही.